अमेरिकन हायस्कुलातील विषयविभाग आणि शिक्षक

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकन हायस्कुलाविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा विद्यार्थ्याला किंवा शिक्षणाच्या ध्येयांना केंद्रस्थानी ठेवून लिहिले जाते. शिक्षक ज्या घटकात प्रत्यक्ष वावरत असे, तो घटक म्हणजे विषयविभाग होय. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक अभ्यास, परभाषा, व्यापार, गृहशास्त्र, हस्तव्यवसाय, शारीरिक शिक्षण असे विभाग साधारण मोठ्या शाळेत असत, आणि प्रत्येकास एक विभागप्रमुख असे. ही रचना इतकी परिचित आहे की ती विषयांच्या स्वरूपातूनच आपोआप निर्माण झाली असावी, असे वाटू लागते. वस्तुतः तसे नाही. या रचनेला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शिक्षकाच्या विद्वत्तेचे स्थान काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित झालेला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. विषयविभाग ही एकाच वेळी तीन प्रकारची गोष्ट असते. ती वेळापत्रकाची सोय असते. विद्यापीठाने शाळेवर पाडलेली छाया असते. आणि ती शिक्षकाचे विद्याघरही असू शकते, म्हणजे आपला विषय कोणता व तो कसा शिकवावा याचा निर्णय शिक्षकांनी आपसांत करण्याचे स्थान. पहिल्या दोन बाजू अमेरिकेत सतत बळकट होत गेल्या. तिसरी मात्र क्वचितच सुरक्षित राहिली. ती कोठे टिकली व कोठे ढासळली, हे मुख्यतः भाषाविषयांच्या उदाहरणांवरून दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. याचे कारण असे की भाषाविभागांच्या उत्कर्षापकर्षात बाहेरच्या शक्तींचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो.

१. विभागांची मांडणी

सार्वजनिक करांतून हायस्कुले चालविता येतील काय, या वादाचा निर्णय मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ मध्ये कॅलमझू येथील खटल्यात शाळांच्या बाजूने दिला. त्यानंतर हायस्कुलांची वाढ झपाट्याने होऊ लागली. परंतु त्यांत काय शिकवावे याबाबत एकवाक्यता नव्हती. प्रत्येक कॉलेजची प्रवेशाची अट वेगळी, आणि प्रत्येक शाळेची विषयांची यादीही वेगळी. हा गोंधळ दूर करण्यासाठी राष्ट्रीय शिक्षण संघाने १८९२ मध्ये दहाजणांची एक समिती नेमली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे तिचे अध्यक्ष होते. दहांपैकी पाच सभासद कॉलेजांचे वा विद्यापीठांचे अध्यक्ष होते. शाळांचे प्रमुख केवळ तीन होते.

या समितीने विषयवार नऊ परिषदा भरविल्या : लॅटिन; ग्रीक; इंग्रजी; इतर अर्वाचीन भाषा; गणित; पदार्थविज्ञान, ज्योतिष व रसायन; जीवविज्ञान; इतिहास व राज्यशास्त्र; आणि भूगोल. प्रत्येक परिषदेत दहा सभासद होते. पुढील काळातील हायस्कुलाच्या विषयविभागांचा नकाशा बऱ्याच अंशी या नऊ नावांत दडलेला आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परिषदांच्या नव्वद सभासदांपैकी जवळजवळ निम्मे शाळांत काम करणारे होते. इंग्रजीच्या परिषदेचे अध्यक्षपद बॉस्टनच्या मुलींच्या हायस्कुलातील शिक्षक सॅम्युएल थर्बर यांच्याकडे होते, आणि हार्वर्डचे विख्यात भाषाविद् जॉर्ज किट्रेज हे तिचे चिटणीस होते. शाळेतला शिक्षक व विद्यापीठातला पंडित एकाच विषयाचे अभ्यासक म्हणून एका मेजाभोवती बसू शकतात, हे या व्यवस्थेत गृहीत होते. १८९३ च्या अहवालात समितीने असेही प्रतिपादिले की जो विषय शिकवावयाचा तो, विद्यार्थी पुढे कॉलेजात जाणार असो वा नसो, सर्वांना सारखाच शिकवावा.

विषयांची नावे अशी ठरली. त्यांचे माप ठरले ते मात्र वेगळ्याच मार्गाने. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये कॉलेजांतील प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक प्रतिष्ठान स्थापिले. निवृत्तिवेतनास पात्र कॉलेज कोणते, हे ठरविण्यासाठी कॉलेजची व्याख्या करणे भाग पडले. त्या व्याख्येत अशी अट आली की प्रवेशेच्छूने हायस्कुलात चौदा एकके पुरी केलेली असावीत. एका विषयाचे वर्षभरातील सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक. प्राध्यापकांच्या म्हातारपणाची तरतूद करण्याच्या ओघात शाळकरी मुलांच्या ज्ञानाचे माप ठरून गेले! हे माप किती शिकले याचे नव्हते, किती वेळ बसले याचे होते. तथापि त्याने विभागांना एक समान चलन दिले. लॅटिनचे एक वर्ष व रसायनाचे एक वर्ष हिशेबात सारखेच ठरले. यापुढे विभागाची प्रतिष्ठा त्याच्याकडे किती एकके आहेत व किती विद्यार्थी ती निवडतात यावर अवलंबून राहणार होती.

२. संख्येचा लोंढा

१८९० मध्ये सार्वजनिक हायस्कुलांत सुमारे २ लाख विद्यार्थी होते. १९०० मध्ये ही संख्या ५ लाखांच्या वर गेली, १९३० मध्ये ४० लाखांच्या वर, आणि १९४० मध्ये ६५ लाखांच्या आसपास पोहोचली. १४ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी १८९० मध्ये शेकडा सातच्या आसपास हायस्कुलात असत. १९४० मध्ये शेकडा सत्तरांहून अधिक असत. बालमजुरीवरील निर्बंध, सक्तीच्या शिक्षणाचे कायदे आणि १९३० नंतरची मंदी, जिने किशोरांसाठी नोकऱ्याच ठेवल्या नाहीत, ही याची मुख्य कारणे होत.

या नव्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या नऊ विषयांची चौकट अपुरी आहे, असे मत बळावत गेले. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने कृषी, गृहशास्त्र व उद्योगव्यवसाय यांच्या शिक्षणासाठी संघराज्याचा निधी उपलब्ध केला, आणि शाळांत नव्या प्रकारचे विभाग उभे राहिले. त्यांचा पैसा वेगळा आणि शिक्षकांच्या पात्रतेचे नियमही वेगळे. १९१८ मध्ये क्लॅरन्स किंग्झली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टे सांगितली : आरोग्य, मूलभूत कौशल्ये, कुटुंबधर्म, व्यवसाय, नागरिकत्व, फावल्या वेळेचा सदुपयोग आणि नीतिमत्ता. या यादीत कोणत्याही विद्येचे नाव नाही. विषय हे आता साध्य नव्हते, साधन होते. इतिहासविभागाचे पुढे ठिकठिकाणी ‘सामाजिक अभ्यास’ असे नामांतर झाले, त्यामागे हीच विचारसरणी होती.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे विभागच मोडून टाकण्याचा प्रयोग. प्रगतिशील शिक्षण संघाच्या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’त तीस शाळांनी भाग घेतला. अनेक कॉलेजांनी त्यांच्या विद्यार्थ्यांपुरती एककांची अट शिथिल केली. काही शाळांनी इंग्रजी व सामाजिक अभ्यास एकत्र करून दीर्घ तासिकांचा गाभा-अभ्यासक्रम आखला. नंतर १४७५ विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून कॉलेजातील कामगिरीची तुलना करण्यात आली. प्रयोगशाळांतून आलेले विद्यार्थी, म्हणजे या प्रायोगिक शाळांतून आलेले, इतरांच्या तुलनेत मागे नव्हते. किंचित पुढेच होते. १९४२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा देश महायुद्धात गुंतला होता. अहवाल वाचला गेला, वाखाणला गेला, आणि बहुतेक शाळांत विभाग होते तसेच राहिले. वेळापत्रक, इमारतीची रचना, शिक्षकांची प्रमाणपत्रे आणि कॉलेजप्रवेश या चारही गोष्टी विभागांवर बेतलेल्या होत्या. एका प्रयोगाने त्या हलणे शक्य नव्हते.

३. विभागातील शिक्षक

शतकाच्या मध्यावर मोठ्या शाळेतील शिक्षकाचा दिवस साधारणपणे पाच तासिकांचा असे. वर्गात तीस मुले धरली तर एका इंग्रजी शिक्षकाकडे दीडशे मुलांचे निबंध तपासावयास येत. विभागप्रमुखास एक-दोन तासिकांची सूट मिळे. त्या बदल्यात पुस्तकांची मागणी करणे, परीक्षांच्या प्रश्नपत्रिका जुळविणे, नव्या शिक्षकांचे पाठ पाहणे ही कामे त्याच्याकडे असत. मुख्याध्यापक हा मुख्यतः प्रशासक असल्यामुळे विषयाचा जाणकार असा वरिष्ठ म्हणजे विभागप्रमुखच होय.

परंतु हे चित्र मोठ्या शाळेचे. जेम्स कॉनंट यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जी पाहणी केली, तीनुसार देशातील सुमारे २१ हजार सार्वजनिक हायस्कुलांपैकी बहुसंख्य शाळा इतक्या लहान होत्या की त्यांतून दरवर्षी शंभर विद्यार्थीही उत्तीर्ण होऊन बाहेर पडत नसत. अशा शाळेत ‘विज्ञानविभाग’ म्हणजे एकच शिक्षक, आणि तोही पुष्कळदा खेळाचा प्रशिक्षक. इंग्रजीच्या शिक्षकाकडे लॅटिन व नाटक हे दोन्ही असावयाचे. विभाग हा शब्द तेथे कागदावर होता. आपसांत विचारविनिमय करावयास दुसरा शिक्षकच नव्हता.

शिक्षकाच्या नागरी स्थितीचाही येथे विचार केला पाहिजे. हायस्कुलाच्या शिक्षकास प्राथमिक शिक्षकापेक्षा अधिक वेतन मिळावे ही जुनी रीत होती. डेन्व्हर व डे मॉइन या शहरांनी १९२१ मध्ये सर्व शिक्षकांसाठी एकच वेतनश्रेणी स्वीकारली. शतकाच्या मध्यापर्यंत ती शहरी शाळांत सर्वत्र रूढ झाली. यात न्याय होता, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने. कारण प्राथमिक शिक्षक बहुतांशी स्त्रिया असत. विवाहित स्त्रीस शिक्षिका म्हणून नेमू नये असा नियम दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत बहुसंख्य शाळामंडळांत होता. अनेक हायस्कुलांत लॅटिन किंवा गणित तीस-चाळीस वर्षे एकनिष्ठेने शिकविणाऱ्या अविवाहित शिक्षिका दिसतात. त्यांच्या एकनिष्ठेत या नियमाचाही वाटा होता, हे विसरता येणार नाही. युद्धकाळात शिक्षकांची टंचाई पडली तेव्हा हा नियम मोडला.

मतस्वातंत्र्याची स्थिती अशीच नाजूक होती. न्यूयॉर्क राज्याने १९४९ मध्ये फाइनबर्ग कायदा करून ‘राष्ट्रद्रोही’ ठरविलेल्या संघटनांच्या सभासदांस शाळेतून दूर करण्याची तरतूद केली. संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये तो उचलून धरला व १९६७ मध्ये दुसऱ्या खटल्यात ती भूमिका सोडून दिली. मधल्या पंधरा वर्षांत अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या वा त्यांनी राजीनामे दिले. विषयाचे ज्ञान हे शिक्षकाचे कवच होऊ शकत नाही, असा धडा या काळाने दिला.

४. भाषाविभागांचे उत्कर्षापकर्ष

भाषाविषयांचा इतिहास पाहिला म्हणजे बाहेरची शक्ती विभागावर कशी चाल करून येते, हे नीट कळते. १९०० च्या सुमारास हायस्कुलातील निम्मे विद्यार्थी लॅटिन शिकत. पन्नास वर्षांनी हे प्रमाण शेकडा आठच्या आसपास उरले. लॅटिनचा हा ऱ्हास सावकाश झाला. त्यास विद्यार्थिसंख्येतील वाढ व प्रवेशाच्या अटींतील बदल ही कारणे पुरेशी आहेत. जर्मनचा अंत मात्र एकाएकी झाला. १९१५ मध्ये हायस्कुलातील जवळजवळ एक चतुर्थांश विद्यार्थी जर्मन घेत होते. १९२२ मध्ये शेकडा एकही उरला नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन शिकविणे हेच देशद्रोहाचे लक्षण मानले गेले. कित्येक शाळामंडळांनी हा विषय बंद केला. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वी कोणतीही परभाषा शिकविण्यास बंदी केली. ती १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. न्यायालयाने शिक्षकाचा हक्क परत दिला. परंतु विद्यार्थी परत देणे न्यायालयाच्या हाती नव्हते.

परभाषाविभागांचे खचलेले मन १९२९ च्या कोलमन अहवालात दिसते. बहुतेक विद्यार्थी परभाषा दोनच वर्षे घेतात, तेवढ्यात बोलणे साधत नाही, तेव्हा वाचन हेच उद्दिष्ट मानावे, असा त्याचा आशय होता. हा निर्णय भाषेच्या स्वरूपावरून घेतलेला नव्हता, एककांच्या हिशेबावरून घेतलेला होता. उपलब्ध वेळ पाहून विषयाची व्याख्या ठरली.

या काळात याच्या नेमके उलट घडल्याचे एक उदाहरण आहे, ते लेनर्ड कोव्हेलो यांचे. दक्षिण इटलीतील आव्हिल्यानो येथे जन्मलेला व बालपणी न्यूयॉर्कला आलेला हा शिक्षक डीविट क्लिंटन हायस्कुलात परभाषा शिकवीत असे. स्थलांतरित इटालियन कुटुंबांतील मुले आपल्या घरच्या भाषेची लाज बाळगतात, आणि शाळाही त्या भाषेस फ्रेंच-स्पॅनिशच्या पंक्तीस बसवीत नाही, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्यांनी ओळखला. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या खटपटीने १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षणमंडळाने इटालियनला इतर परभाषांच्या बरोबरीचे स्थान दिले. क्लिंटनमध्ये इटालियनचा विभाग वाढीस लागला व कोव्हेलो त्याचे प्रमुख झाले. १९३४ मध्ये पूर्व हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँक्लिन हायस्कूल निघाले तेव्हा ते तेथे मुख्याध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. इटालियन-अमेरिकन विद्यार्थ्याच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा प्रबंध न्यूयॉर्क विद्यापीठाने १९४४ मध्ये डॉक्टरेटसाठी मान्य केला. वस्तीतून प्रश्न घ्यावा, त्यावर विद्येच्या शिस्तीने विचार करावा, आणि त्या विचारातून विभागाचे रूप घडवावे, असा हा क्रम आहे. येथे विभाग विद्यापीठाने दिलेला नाही आणि सरकारनेही दिलेला नाही. शिक्षकाने तो उभा केला.

५. डनबार हायस्कूल : विद्वत्ता आणि बहिष्कार

वॉशिंग्टन शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १८७० मध्ये एक हायस्कूल सुरू झाले. ते काही काळ ‘एम स्ट्रीट’ या नावाने ओळखले जाई. १९१६ पासून त्यास कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचे नाव मिळाले. या शाळेच्या शिक्षकवर्गाची यादी कोणत्याही विद्यापीठास भूषणावह वाटावी अशी आहे. हार्वर्डमधून १९१२ मध्ये इतिहासात डॉक्टरेट मिळविलेले कार्टर वुडसन येथे काही वर्षे शिकवीत होते. वॉशिंग्टनच्या शाळांत नोकरी करीत असतानाच १९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संघ स्थापिला व पुढील वर्षी त्याचे संशोधनपत्र सुरू केले. लॅटिनच्या शिक्षिका अ‍ॅना ज्यूलिया कूपर यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता. १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या सॉर्बोन येथे डॉक्टरेट संपादन केली.

भाषेच्या अभ्यासकांस विशेष वाटावे असे आणखी दोन नामनिर्देश येथे केले पाहिजेत. १९२१ या एकाच वर्षी अमेरिकेत तीन कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रथमच डॉक्टरेट मिळाली. त्यांपैकी जॉर्जियाना सिंप्सन यांनी शिकागो विद्यापीठात जर्मन भाषाशास्त्रात ती मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हेर्डरची ‘लोक’ ही संकल्पना हा होता. ईव्हा डाइक्स यांनी रॅडक्लिफमध्ये इंग्रजी भाषाशास्त्रात ती मिळविली. या दोघीही डनबारमध्ये शिक्षिका होत्या. ज्या काळात देशातील असंख्य शाळांतून जर्मन हा विषय नाहीसा होत होता, त्या काळात एका हायस्कुलात हेर्डरचा अभ्यास केलेली शिक्षिका होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मात्र या वैभवाचे कारण सुखद नाही. इतके पंडित हायस्कुलात आले याचे कारण गौरवर्णीयांच्या विद्यापीठांची दारे त्यांना अध्यापक म्हणून बंद होती. सिंप्सन यांना तर विद्यार्थिदशेत, १९०७ मध्ये, शिकागोच्या वसतिगृहातून गौरवर्णीय विद्यार्थिनींच्या आक्षेपामुळे बाहेर पडावे लागले होते. वॉशिंग्टनमध्ये शिक्षकांची वेतनश्रेणी वर्णनिरपेक्ष होती, हेही एक आकर्षण होते. अन्यायाने कोंडलेली विद्या एका शाळेत साठली, आणि त्या शाळेने तिचा सदुपयोग केला. रक्तद्रव्याच्या साठवणीचे संशोधक चार्ल्स ड्र्यू, न्यायाधीश विल्यम हेस्टी, संघराज्याच्या मंत्रिमंडळातील पहिले कृष्णवर्णीय मंत्री रॉबर्ट वीव्हर हे सर्व डनबारचे विद्यार्थी.

१९५४ मध्ये ब्राउन खटल्यात व त्याच दिवशी वॉशिंग्टनपुरत्या बोलिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. न्याय व नीती यांच्या दृष्टीने हा निकाल अपरिहार्य होता. त्याविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु त्याची अंमलबजावणी करताना शिक्षकांचा विचार कोणी केला नाही. डनबार हे यापूर्वी साऱ्या शहरातून विद्यार्थी घेई; ते आता केवळ आसपासच्या वस्तीचे हायस्कूल झाले, आणि त्याची विद्यापरंपरा खंडित झाली. दक्षिणेत याहून कठोर घडले. मुले गौरवर्णीयांच्या शाळेत गेली, कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद पडल्या, आणि तेथील शिक्षक बहुधा घरी बसले. ज्या टोपीका शहरातून ब्राउन खटला उद्भवला, तेथील शाळा-अधीक्षकाने १९५३ मध्ये, निकाल लागण्यापूर्वीच, काही कृष्णवर्णीय शिक्षिकांस पत्रे धाडून त्यांची पुनर्नेमणूक होणार नसल्याचे सूचित केले होते. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडील व सीमेवरील सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक व शालाप्रमुख यांनी नोकऱ्या गमावल्या, असा अंदाज केला जातो. विद्यार्थ्यांची सरमिसळ करणे शक्य झाले. विभागांची सरमिसळ करण्याची, म्हणजे कृष्णवर्णीय विभागप्रमुखाच्या हाताखाली गौरवर्णीय शिक्षक नेमण्याची, तयारी समाजाची नव्हती.

६. उपग्रहानंतर

युद्धोत्तर काळात ‘जीवनसमायोजन’ या नावाने एक चळवळ चालली होती. बहुसंख्य मुलांना ना कॉलेजची गरज, ना कुशल व्यवसायाची. त्यांना नित्याच्या जीवनाचे शिक्षण द्यावे, असे तिचे म्हणणे. इतिहासकार आर्थर बेस्टर यांनी १९५३ मध्ये या विचारावर प्रखर टीका केली. शाळांचा कारभार शिक्षणशास्त्रज्ञांच्या हाती गेल्यामुळे विद्याशाखांशी असलेला त्यांचा संबंध तुटला, असा त्यांचा आरोप होता. हा वाद चालू असतानाच ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट संघाने पहिला उपग्रह सोडला, आणि युक्तिवादाने जे झाले नसते ते भीतीने झाले. सप्टेंबर १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा मंजूर झाला. विज्ञान, गणित व अर्वाचीन परभाषा या तीन विषयांना त्याने साधनसामग्रीसाठी निधी दिला; परभाषाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले.

कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ हा शब्द आहे. चाळीस वर्षांपूर्वी ज्या राष्ट्रीय सुरक्षिततेच्या नावाखाली परभाषाविभाग बंद करण्यात आले, त्याच सुरक्षिततेच्या नावाखाली ते आता पुन्हा उभारण्यात आले. १९६५ पर्यंत अर्वाचीन परभाषा घेणाऱ्यांचे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास पोहोचले. हजारो शाळांत ध्वनिमुद्रणयंत्रे व कर्णश्रवणी लावलेल्या भाषाप्रयोगशाळा आल्या. पद्धतीही बदलली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना परभाषा शिकविताना वर्णनात्मक भाषाशास्त्राचा जो उपयोग झाला होता, त्यातून श्रवण-संभाषण पद्धती निघाली : आधी ऐकणे-बोलणे, मग वाचन-लेखन, संवाद पाठ करणे, आणि वाक्यसाच्यांचा सराव.

या भाषाशास्त्राचा आपल्याशीही संबंध आलेला आहे. १९५४ नंतरच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने व रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाशास्त्राचे जे वर्ग भरले, त्यांत हेच अमेरिकन वर्णनात्मक भाषाशास्त्र शिकविले गेले. उलट दिशेने, वरील कायद्याच्या भाषाविषयक प्रकरणाचा लाभ अमेरिकन विद्यापीठांतील दक्षिण आशियाई भाषांच्या अध्यापनासही झाला. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातर्फे कवडी व साउथवर्थ यांचे बोली मराठीचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले ते याच दशकात.

हायस्कुलातील शिक्षकाच्या वाट्यास मात्र या क्रांतीत विचित्र भूमिका आली. संवाद छापून आलेले, सराव ध्वनिफितीवर आलेला, क्रम मार्गदर्शिकेत दिलेला. ज्याचे स्वतःचे उच्चार कच्चे होते अशा शिक्षकास हा मोठाच आधार होता, हे मान्य केले पाहिजे. पण जो भाषेचा जाणकार होता, त्यास व्याकरण समजावून देण्यास मनाई आणि यंत्राची कळ दाबण्याचे काम! पुढे पेन्सिल्वेनिया राज्यातील शाळांत १९६५ पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत नव्या पद्धतीच्या वर्गांचे यश जुन्यांपेक्षा अधिक असल्याचे आढळले नाही, तेव्हा उत्साह ओसरला. पदार्थविज्ञानात १९५६ पासून झखारियस यांच्या, व गणितात १९५८ पासून बेगल यांच्या नेतृत्वाखाली नवे अभ्यासक्रम तयार झाले. त्यांत शाळाशिक्षकांचा सहभाग होता. पण नेतृत्व निःसंशय विद्यापीठांकडे होते.

इंग्रजीचा विभाग सर्वांत मोठा. प्रत्येक विद्यार्थी त्यातून जाई. १९५८ च्या कायद्यात त्याला स्थान नव्हते. इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद १९११ मध्ये कॉलेजांनी लादलेल्या पुस्तकयाद्यांच्या निषेधातून जन्मली होती. याच परिषदेने १९६१ मध्ये, इंग्रजीचे अध्यापन हेही राष्ट्रहिताचे आहे, असे प्रतिपादन करणारे पत्रक काढले. १९६४ मध्ये कायद्याची व्याप्ती वाढली व इंग्रजी, इतिहास, भूगोल यांना शिक्षकवर्गांपुरते त्यात स्थान मिळाले. निषेधापासून विनवणीपर्यंतचा हा अर्धशतकाचा प्रवास आहे. या काळात चार्ल्स फ्राइज यांचे १९५२ मधील इंग्रजी वाक्यरचनेवरील पुस्तक, व त्या विचारावर आधारलेले पॉल रॉबर्ट्स यांचे १९५६ मधील शालेय पुस्तक, यांमुळे व्याकरणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची संधी शिक्षकांपुढे आली होती. पण दीडशे निबंधांच्या ओझ्याखाली नवे भाषाशास्त्र केव्हा शिकावयाचे? कॉनंट यांच्या १९५९ च्या अहवालातील एकवीस शिफारशींपैकी इंग्रजी शिक्षकाकडे शंभरांहून अधिक विद्यार्थी असू नयेत ही शिफारस म्हणूनच मला सर्वांत मार्मिक वाटते. लहान शाळा एकत्र कराव्यात ही त्यांची शिफारस पुष्कळ ठिकाणी अमलात आली, कारण तीत काटकसर होती. शंभरांची मर्यादा बहुधा कागदावर राहिली, कारण तीत खर्च होता.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी हाती येतात. पहिली अशी की अमेरिकन हायस्कुलातील विभागांच्या सीमा ज्ञानाच्या सीमांशी क्वचितच जुळत होत्या. त्या प्रवेशाची अट, निवृत्तिवेतनाची व्याख्या, युद्धाचा द्वेष आणि युद्धाची भीती यांनी आखल्या. दुसरी अशी की विभाग मोडून टाकण्याचे प्रयत्न जसे निष्फळ ठरले, तसेच बाहेरून त्यात पैसा व पद्धती ओतण्याचे प्रयत्नही अल्पजीवी ठरले. पहिल्यांनी शिक्षकाला विषयापासून सोडवू पाहिले. दुसऱ्यांनी विषय सुधारताना शिक्षकाला गौण मानले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. १८९२ च्या इंग्रजी परिषदेत, कोव्हेलो यांच्या इटालियन विभागात आणि डनबारमध्ये एक समान सूत्र आढळते : तेथे शिक्षक हा आपल्या विषयाचा अभ्यासक होता, आणि विषय कोणता असावा या निर्णयात त्याचा वाटा होता. यांपैकी डनबारचे उदाहरण आपणांस विशेष सावध करते. त्या शाळेची विद्वत्ता समाजाने मुद्दाम निर्माण केलेली नव्हती. समाजाने इतर सर्व दारे बंद केल्यामुळे ती तेथे आली. बंद दारे उघडल्यावर विद्वान शिक्षक हायस्कुलाकडे स्वेच्छेने यावेत आणि आल्यावर तेथे टिकावेत, यासाठी वेळ, वेतन, ग्रंथ व अधिकार यांची जी व्यवस्था लागते, ती त्या संपन्न देशानेही त्या काळात उभारली नाही. विभागाच्या दारावर विषयाचे नाव लिहिणे सोपे असते. आत बसलेल्या माणसास त्या विषयाचा अभ्यास चालू ठेवता येतो की नाही, यावर तो विभाग आहे की केवळ खोली आहे, हे ठरते.